जनावरांच्या रहस्यकथा आणि मुलांची न्यायबुद्धि

शाळेच्या ग्रंथसंग्रहांतून मुलें कोणतीं पुस्तकें घरीं नेतात हें थोडें लक्षपूर्वक पाहिलें, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. थोर पुरुषांचीं चरित्रें कपाटांत नीट उभीं असतात. निबंधांच्या पुस्तकांचे पुठ्ठे कोरेच राहतात. परंतु ज्या पुस्तकांत एखादें गूढ आहे, रात्रीची वाटचाल आहे, हरवलेल्या वस्तूचा माग आहे, आणि त्या मागावर मुलांच्या बरोबरीनें एखादा कुत्रा, एखादें माकड किंवा एखादा पोपट निघाला आहे, तें पुस्तक पानें सुटीं होईपर्यंत हातोहात फिरत असतें. वडील मंडळींस ही आवड फारशी रुचत नाहीं. असल्या गोष्टींनीं अभ्यासावरचें लक्ष उडतें. जनावरांना बोलावयास लावणें हा पोरखेळ आहे. आणि चोरी व तपास यांच्या कथा कोवळ्या वयांत वाचल्या तर मन भलतीकडे जातें, असे तीन आक्षेप आम्हीं वारंवार ऐकिले आहेत. आमचें मत याहून वेगळें आहे. जिच्यांत प्राणी हीं पात्रें आहेत अशी चांगली रहस्यकथा मुलाला जें शिकविते, तें पाठ्यपुस्तकांतील पुष्कळ धड्यांनाहि साधत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें काय, हें येथें सकारण मांडावयाचें आहे.

रहस्यकथा ही मुळांत न्यायाची कथा होय. कांहीं तरी विपरीत घडलेलें असतें. तें कोणीं केलें हें ठाऊक नसतें. संशय एकावर येतो, दोष दुसऱ्याचा असतो. आणि पुरावा गोळा करून, तो तोलून, निरपराध्याला सोडविणें व खऱ्या कारणापर्यंत पोंचणें, हेंच तिचें सारें कथानक. यांत जनावर आलें म्हणजे ही कसोटी अधिकच कठीण होते. मनुष्यावर आळ आला तर तो शपथ घेईल, साक्षीदार आणील, निदान रडून तरी आपली बाजू सांगेल. जनावराला यांतलें कांहींच साधत नाहीं. त्याचा जबाब त्याच्या पावलांत, दांतांच्या खुणांत, विष्ठेंत आणि रोजच्या वागणुकींत लिहिलेला असतो. आणि तो वाचणारा कोणी नसेल तर तें मुकाट्यानें मार खातें. “चोर सोडून संन्याशाला फांशी” अशी आपली म्हण आहे. पण संन्याशाहूनहि असहाय असा आरोपी म्हणजे मुकें जनावर. त्याच्या वतीनें विचार करावयास जी कथा मुलाला लावते, तिला पोरखेळ म्हणून कसें चालेल?

हा कथाप्रकार केवळ पश्चिमेकडून आला असें समजणारांनीं आपल्याच घरांतलीं जुनीं दप्तरें उघडून पाहावीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील एकशें आठवें सूक्त हा सरमा नांवाच्या देवशुनीचा व पणींचा संवाद आहे. पणींनीं गाई डोंगराच्या पोटांत दडविल्या. इंद्राची दूती म्हणून सरमा रसा नदी ओलांडून, माग काढीत तेथवर जाऊन पोंचली. पणींनीं तिला बहीण म्हटलें व गाईंतला वांटा देऊं केला. परंतु ती वश झाली नाहीं. दडविलेलें धन, दूरचा माग, वाटेंतली नदी, लांच देण्याचा प्रयत्न आणि तो नाकारणारा शोधक, यांपैकीं आजच्या रहस्यकथेचें कोणतें अंग येथें नाहीं? आणि हा शोधक कोणी राजपुरुष नसून एक कुत्री आहे, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेचें नांव पुन्हां येतें, आणि तेथली कथा आमच्या मुद्द्याला अधिकच जवळची आहे. जनमेजयाचें सत्र चालू असतां सरमेचें पिलूं तेथें गेलें, आणि राजाच्या भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. तें रडत आईकडे आलें. आईनें प्रथम काय केलें? तिनें राजाला शिव्याशाप दिले नाहींत; तुझ्या हातून कांहीं अपराध घडला असेल, असें तिनें आपल्या पिलालाच म्हटलें. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं व त्याला जीभहि लाविली नाहीं, असा जबाब त्यानें दिला. तेव्हांच ती सत्राच्या ठिकाणीं गेली आणि माझ्या मुलाला कोणत्या अपराधासाठीं मारिलें, असें तिनें सर्वांसमक्ष विचारलें. कोणालाहि उत्तर देतां आलें नाहीं. चौकशीवांचून दिलेल्या शिक्षेबद्दल एका मुक्या जिवाच्या आईनें राजसभेला जाब विचारावा, आणि अठरा पर्वांच्या ग्रंथानें ती गोष्ट आरंभींच नोंदून ठेवावी, यांत आपल्या पूर्वजांची दृष्टि दिसून येते.

पंचतंत्रांत तर तपासाचे सर्व धडे ओळीनें मांडलेले सांपडतात. रणभूमीवर भयंकर आवाज होतो म्हणून भुकेलेला कोल्हा प्रथम पळावयास निघतो. परंतु धीर धरून जवळ जातो, आणि वाऱ्यानें हलणारी फांदी एका टाकून दिलेल्या नगाऱ्यावर आपटत आहे असें त्याला दिसतें. भय वाटलें तरी कारण शोधावें, हा पहिला धडा. दुसऱ्या एका कथेंत कोल्हा आपल्या गुहेशीं येतो तों सिंहाचीं पावलें आंत गेलेलीं दिसतात, पण बाहेर आलेलीं दिसत नाहींत. आंत शिरण्यापूर्वीं तो गुहेलाच हांक मारतो, आणि मूर्ख सिंह उत्तर देऊन फसतो. खूण आहे तेवढीच पाहूं नये, जी असावयास पाहिजे ती कां नाहीं हेंहि पाहावें, हा दुसरा धडा. जातककथांतील ससा बेलफळ पडल्याच्या आवाजानें पृथ्वी दुभंगली असें समजून धांवत सुटतो व सारें रान त्याच्या मागें धांवूं लागतें. एक सिंह मात्र सर्वांना थांबवून, हें कोणीं पाहिलें, असें एकेकाला विचारीत मूळ ठिकाणीं जातो आणि फळ दाखवितो. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हा तिसरा धडा.

चौथा धडा सर्वांत दुःखाचा आहे. पंचतंत्राच्या पांचव्या तंत्राचें नांवच “अपरीक्षितकारक”, म्हणजे परीक्षा न करतां केलेलें कर्म, असें आहे. पाळण्यांतल्या मुलाजवळ मुंगूस ठेवून ब्राह्मणी पाण्याला जाते. परत येते तों मुंगुसाचें तोंड रक्तानें माखलेलें. तिला वाटतें, यानें मूल मारिलें. आणि हातांतली घागर ती त्याच्यावर टाकते. आंत जाऊन पाहते तों मूल सुखरूप, आणि शेजारीं मेलेला साप. पुरावा समोर होता, तो खोटाहि नव्हता. रक्त खरेंच होतें. अर्थ मात्र उलटा लावला गेला, आणि चार पावलें पुढें जाऊन पाहण्याइतका धीर राहिला नाहीं. ही गोष्ट ज्या मुलानें मनापासून ऐकिली आहे, तें मोठेपणीं न्यायाधीश झालें किंवा पंच झालें तरी तिला विसरणार नाहीं.

एवढें धन असून आपल्या मराठी बालवाङ्मयांत प्राण्यांच्या रहस्यकथेची परंपरा कां वाढली नाहीं? आम्हांस याचें एक कारण दिसतें. छापील मराठी गद्याच्या अगदीं आरंभापासून प्राणी आपल्या पुस्तकांत आहेत. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें इसापच्या कथा मराठींत उतरल्या व एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत छापिल्या गेल्या. सन १८१५ मध्यें बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांतून मराठी हितोपदेश निघाला. सन १८२८ मध्यें सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीति मुंबईस प्रसिद्ध झाली. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. परंतु हे ग्रंथ शाळेंत गेले ते नीतिपाठ म्हणून. गोष्ट संपतांच तात्पर्य येई, आणि मुलाला स्वतः शोधून काढावयाचें कांहीं उरत नसे. शिवाय कोल्हा म्हणजे लबाड, गाढव म्हणजे मूर्ख, लांडगा म्हणजे दुष्ट, असे मुखवटे कायमचे ठरून गेले. ज्या कथेंत आरोपी कोण हें त्याच्या जातीवरूनच पहिल्या ओळींत कळतें, तेथें तपास कसला आणि न्याय कसला?

पश्चिमेकडील रहस्यकथेनें, उलटपक्षीं, आरंभापासूनच जनावराला या न्यायमंदिरांत आणून उभें केलें. एडगर ॲलन पो यानें सन १८४१ मध्यें लिहिलेली पॅरिसमधील दोन खुनांची कथा ही आधुनिक गुप्तहेरकथेची आद्य कथा मानतात. तिच्यांत एका निरपराध मनुष्यास अटक होते. परंतु कृत्य असतें एका खलाशानें दूर देशांतून धरून आणलेल्या, व त्याच्या कोंडींतून सुटलेल्या ओरांगउटानाचें. ती कथा लहान मुलांसाठीं नव्हे. तथापि जनावरानें केलेल्या कृत्यामागें मनुष्याची हांव असूं शकते, हा विचार तिच्यांत स्पष्ट आहे. सन १८९२ मध्यें आर्थर कॉनन डॉइल यानें शर्यतीच्या एका घोड्याची कथा लिहिली. घोडा नाहींसा होतो, त्याचा शिक्षक माळावर मेलेला सांपडतो. त्या रात्रीं तबेल्यांतला कुत्रा भुंकला नाहीं, यावरून शेरलॉक होम्स ताडतो कीं, आलेला मनुष्य कुत्र्याच्या ओळखीचा असला पाहिजे. शेवटीं असें उघडकीस येतें कीं, खुद्द शिक्षकच घोड्याचा पाय अधू करावयास निघाला होता, आणि प्राणघातक लाथ घोड्यानें स्वसंरक्षणार्थ मारिली होती. एका जनावराचें मौन ही साक्ष ठरली, आणि दुसऱ्या जनावराचें कृत्य सिद्ध होऊनहि तें अपराधी ठरलें नाहीं. कोणीं केलें, एवढ्यावर जो थांबतो तो अर्धाच शोधक. कां केलें, हें जो विचारतो तो पुरा.

मुंबईस जन्मलेल्या रडयार्ड किप्लिंगनें सन १८९४ च्या आपल्या जंगलकथांच्या पुस्तकांत एका मुंगुसाची कथा घातली आहे. आपल्या पंचतंत्रांतल्या मुंगुसाला जें मिळालें नाहीं तें याला मिळालें. घरच्या माणसांनीं त्याचा पराक्रम ओळखिला. तरी या कथेंतले नाग मात्र जन्मतःच खल आहेत. त्याच पुस्तकांतल्या अजगराला लेखकानें जो न्याय दिला, तो त्यांना दिला नाहीं. पुढें सन १९४२ पासून एनिड ब्लायटनच्या पांच साहसी दोस्तांच्या कथा निघूं लागल्या. त्या पांचांत चार मुलें व पांचवा कुत्रा. कुत्र्याला मोजणींत धरिलें, हेंच त्या कथांच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें.

मराठींत ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनीं मुलांच्या कित्येक पिढ्यांना वेड लाविलें, व तें योग्यच झालें. जनावरांकडे पाहण्याची खरी दृष्टि म्हणाल तर तीहि आपल्या वाङ्मयांत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळ्यांवरील “सत्तांतर” ही कादंबरी सन १९८३ च्या साहित्य अकादमी पारितोषिकास पात्र ठरली. वनाधिकारी म्हणून आयुष्य घालविलेल्या मारुति चितमपल्लींनीं पशुपक्ष्यांचें ज्ञान मराठींत ओंजळी भरभरून आणिलें. एका बाजूस साहसी मुलें आहेत, दुसऱ्या बाजूस खरीं जनावरें आहेत. या दोहोंची गांठ मुलांच्या पुस्तकांत घालून देणारा लेखक आमच्या पाहण्यांत विरळा.

ही गांठ कोठें पडावी, असें कोणी विचारील तर आम्ही आमच्या अलोरे गांवाकडे बोट दाखवूं. चिपळूण तालुक्यांतील हा गांव सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं, कुंभार्ली घाटाच्या तोंडाशीं वसलेला आहे. कोयना प्रकल्पामुळें येथें वसाहत झाली, जवळच कोळकेवाडीचें धरण झालें. जी कोयना पूर्वेस कृष्णेला मिळावयाची, तिचें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस आणून, वीज काढून, वाशिष्ठीच्या वाटेनें समुद्राला जाऊं लागलें. घाटमाथ्यापलीकडे कोयनेचें अभयारण्य सन १९८५ पासून आहे; तें व चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान मिळून सन २०१० मध्यें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा, शेकरूं, धनेश हे सर्व या डोंगरांतले रहिवासी. ज्या मुलांच्या दाराशीं असें रान आहे, त्यांना गूढासाठीं परदेशांतील किल्ल्यांत व भुयारांत जाण्याची गरज काय?

केवळ उदाहरण म्हणून एक कथानक आम्ही येथें कल्पितों. एक बंद घर आहे. रात्रीं त्याच्या माळ्यावर पावलें वाजतात. परसांतल्या पपया पिकल्या कीं सकाळीं अर्ध्या खाल्लेल्या दिसतात. कोणी म्हणतो भूत. कोणी म्हणतो शेजारच्या म्हातारीचें मांजर. आणि कोणी तर दूध घालावयास येणाऱ्या गरीब मुलाचें नांव घेतो. तीन मुलें तपासाला लागतात. माळ्यावरच्या धुळींत पावलें आहेत. प्रत्येकाला पांच बोटें. मांजराच्या मागच्या पायाला चारच बोटें असतात, व पुढच्या पायाचेंहि पांचवें बोट वर असल्यामुळें जमिनीवर उमटत नाहीं. म्हणजे तें मांजर नव्हे. कौलावर विष्ठा आहे, आणि तिच्यांत फळांच्या बिया आहेत. मांजर कांहीं फळांवर पोट भरीत नाहीं. हळूहळू उलगडा होतो कीं, हा कांडेचोर, ज्याला कोणी उदमांजर म्हणतात. पण चांगला लेखक येथें थांबणार नाहीं. पावसाळा येतो, आणि मुलांना दिसतें कीं, जेथें जेथें त्या विष्ठेंतल्या बिया पडल्या, तेथें तेथें रोपें उगवलीं आहेत. ज्याच्या नांवांतच आपण चोर हा शब्द घातला, तो खाल्लेल्याची परतफेड करून गेलेला आहे. गरीब मुलगा आळांतून सुटला, म्हातारीचें मांजर सुटलें, भूत नाहींसें झालें. आणि खुद्द आरोपीचीहि बाजू ऐकिली गेली.

अशा खुणा कितीतरी आहेत. कुत्र्याच्या पावलांत नखें उमटतात. बिबट्या चालतांना नखें आंत घेतो म्हणून त्याच्या ठशांत तीं सहसा दिसत नाहींत. बिबट्या निघाला कीं वानर झाडावरून खेंकसतें व भेकर भुंकूं लागतें. रानांतल्या या साक्षी ज्याला ऐकूं येतात त्याला न दिसणाराहि दिसतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत बसून तोंड लिंपून घेते, व नर फटींतून तिला अन्न भरवितो. ढोलींत कोणीं कोणाला कोंडलें, हें एक सुंदर गूढच आहे. घुबड आपल्याला न पचलेलीं हाडें व केंस यांची गोळी तोंडावाटे टाकतें. ती गोळी फोडून पाहिली तर आंत उंदरांचीं हाडें मिळतात. ज्याला अशुभ म्हणून दगड मारावयाचा, तो शेतकऱ्याचा रात्रीचा राखणदार आहे, हें त्याच्याच झाडाखालीं लिहिलेलें असतें.

आतां ही केवळ करमणुकीची बाब नाहीं, हें दाखविण्यास एकच उदाहरण देतों. आमच्या डोंगरांत खवले मांजर म्हणून एक प्राणी आहे. तें मांजर नव्हे. त्याला दांत नाहींत. मुंग्या व वाळवी हेंच त्याचें अन्न. शत्रु आला कीं तें अंगाचें वेटोळें करून चेंडूसारखें स्वस्थ पडतें. या युक्तीपुढें बिबट्याचेहि दांत हरतात. परंतु मनुष्य तो चेंडू उचलून पिशवींत घालतो. त्याच्या खवल्यांत औषधी गुण आहेत या समजुतीनें त्याची चोरटी शिकार व विक्री होते. वास्तविक तीं खवलीं आपल्या नखांच्याच द्रव्याचीं झालेलीं असतात. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें आहे. सन २०१६ मध्यें खवले मांजराच्या सर्व आठ जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें राष्ट्रांनीं ठरविलें. आणि आमच्याच चिपळुणांत सन १९९२ पासून काम करणारी सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था त्याच्या रक्षणासाठीं झटत आहे. याच संस्थेनें सन २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर कांसवांचीं अंडीं राखण्याचें काम सुरू केलें, आणि ज्या वाळूंतून अंडीं उकरून नेलीं जात, तेथेंच गांवकरी पिलें समुद्राला सोडूं लागले. कायदा व संस्था आपापलें काम करतात. पण जें मूल खवल्या मांजराच्या बिळाचा माग एखाद्या कथेंत रात्रभर काढून आलें आहे, त्याच्या घरांत तें खवलें औषध म्हणून सहसा येणार नाहीं.

यावर एक उत्तर आम्हांस ठाऊक आहे, व तें खोटें नाहीं. शेतकरी म्हणेल, “तुमच्या कथा राहूं द्या, माकडांनीं माझी बाग लुटली, रानडुकरांनीं भात आडवें केलें, त्याचें काय?” हा प्रश्न टाळणारी कथा आम्ही चांगली समजणार नाहीं. न्याय म्हणजे आरोपीला पाठीशीं घालणें नव्हे. फिर्यादीचेंहि ऐकावें लागतें. चांगल्या कथेंत बागवाल्याचे अश्रु असावेत, आणि माकड रान सोडून बागेंत कां उतरलें याचाहि शोध असावा. साप म्हणून भुई धोपटल्यानें शेत राखलें जात नाहीं. खरें कारण कळलें तरच खरा उपाय सुचतो.

आरंभीं सांगितलेल्या तीन आक्षेपांना आतां थोडक्यांत उत्तर देतां येईल. अभ्यासावरचें लक्ष उडतें म्हणावें, तर बारकाईनें पाहणें, पाहिलेलें क्रमानें मांडणें व घाईनें निष्कर्ष न काढणें हाच सर्व शास्त्रांचा अभ्यास आहे. “कावळा बसला आणि फांदी तुटली” ही म्हण जें सांगते, तेंच विज्ञानाचा शिक्षक प्रयोगशाळेंत शिकवितो. जनावरें बोलतात हें असत्य आहे म्हणावें, तर तो कथेचा संकेत आहे, आणि मूल त्यानें फसत नाहीं. फसतें तें जनावराचा स्वभाव खोटा दाखविल्यानें. घुबड सभेंत भाषण करो. परंतु तें दिवसा शिकार करतें व धान्य खातें असें लिहूं नये. आणि चोरीच्या कथांनीं मुलें बिघडतात म्हणावें, तर ज्या कथेंत खोटा आळ दूर होतो ती वाचून कोणी आळ घेणारा झाला, असें आम्हीं पाहिलें नाहीं.

तथापि अशा कथा लिहिणारांनीं कांहीं पथ्यें पाळावींत. उलगड्याला लागणारी प्रत्येक खूण वाचकापुढें आधीं ठेवावी. शेवटीं पिशवींतून काढून दाखवूं नये, कारण तो मुलाशीं केलेला अन्याय होय. जन्मावरून कोणालाहि खल ठरवूं नये. कोल्ह्याला नव्हे, सापाला नव्हे, आणि परगांवाहून आलेल्या अनोळखी मनुष्याला तर नव्हेच. सुटत नाहीं म्हणून गूढ भुताच्या माथीं मारूं नये. साहस म्हणजे अविचार असा समज पसरवूं नये. रात्रीं एकट्यानें रानांत शिरणें किंवा बिळांत हात घालणें हें शौर्य नव्हे, आणि जनावराला न छेडतां दुरून पाहणें यांत अधिक धैर्य लागतें. ज्याला संयम नाहीं त्याला रान आपलें गुपित कधींच सांगत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांना आमचें सांगणें असें आहे कीं, अशीं पुस्तकें अवश्य वाचा, आणि वाचून झालीं म्हणजे पुस्तक मिटून दाराबाहेर पाहा. एक लहानशी वही करा. सकाळीं वाटेंतल्या चिखलांत कोणाचीं पावलें उमटलीं, आंब्याचें फळ कोणीं कुरतडलें, रात्रीं कुत्रीं कां भुंकलीं किंवा कां भुंकलीं नाहींत, हें तारखेनिशीं लिहून ठेवा. उत्तर लगेच सांपडलें नाहीं तर प्रश्नच जपून ठेवा. अशा वहींतूनच उद्यांची मराठी रहस्यकथा जन्मास येईल. आणि ती अलोऱ्याच्या एखाद्या मुलानें किंवा मुलीनें याच वार्षिकासाठीं लिहून आणिली, तर तिला पहिलें पान द्यावें असें आमचें संपादकांस आग्रहाचें सांगणें राहील.

शिक्षकांना व पालकांना आमची विनंति याहूनहि लहान आहे. मूल धांवत येऊन “हें कुत्र्यानेंच केलें!” असें सांगूं लागलें, म्हणजे त्याला रागें भरूं नका आणि मान डोलावून मोकळेहि होऊं नका. “तूं पाहिलेंस काय?” एवढेंच त्याला विचारा. सरमेनें आपल्या पिलाला हेंच विचारलें, सिंहानें सशाला हेंच विचारलें. आणि ब्राह्मणीनें उंबऱ्यावर उभें राहून हें एकदां स्वतःला विचारलें असतें, तर तें मुंगूस वांचलें असतें.